कुंभारवाड्याचा नाताळ आणि न उगवलेलं भात

आमच्या सोसायटीत ख्रिश्चन घर एकच, ते आमचं. त्यामुळे डिसेंबर उजाडला की मी आपोआप सल्लागार होते. यंदा सेक्रेटरी काकू दारात उभ्या. "रोझी, क्लबहाउसमध्ये झाड ठेवतोय. खाली बर्फ म्हणून कापूस किती लागेल गं? तुमच्यात किती घालतात?"

मी म्हटलं, "काकू, आमच्यात बर्फ फक्त माशांच्या टोपलीत असतो."

काकू हसल्या, पण त्यांना ते पटलं नाही हे दिसत होतं. नाताळ म्हटलं की थंडीनं गारठलेली लाल टोपी, धुरांडं आणि पांढरं शुभ्र अंगण, हे सगळ्यांच्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय की ज्यांच्या घरी नाताळ असतो त्यांनाही कधीकधी वाटतं, आपलंच काहीतरी चुकतंय. माझं डोकं सणकलं. त्याच संध्याकाळी मी नेल्सनला, म्हणजे नवऱ्याला, सांगून टाकलं की या वर्षीही नाताळ माझ्या माहेरीच. तो म्हणाला, "तुझी आई गेल्यापासून तिथं फक्त अक्का आहे. तिला झेपेल का आपलं लटांबर?" आमचं लटांबर म्हणजे आम्ही दोघं आणि माझ्या तीन बॅगा. मी म्हटलं, झेपेल. खरं सांगायचं तर तिला काय झेपतंय याचा विचार मी तोपर्यंत केलाच नव्हता.

माझं माहेर जोयडा तालुक्यात, कुंभारवाड्याच्या एका वाडीत. बाबा जंगलखात्याच्या लाकडाच्या डेपोत कामाला आले आणि इथंच एक तुकडा भातशेत घेऊन राहिले. वाडीतली बाकी घरं सगळी हिंदू, पिढ्यान्‌पिढ्या इथंच भात पिकवणारी. आमचं घर चार दशकांपूर्वी आलेलं, म्हणजे वाडीच्या हिशेबानं अजून नवंच. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. माय गेल्या उन्हाळ्यात गेली. थोरली बहीण मोनी अक्का अंगणवाडीत शिकवते, लग्न केलं नाही, आणि आता घर, शेत, गाय सगळं तिच्या एकटीच्या अंगावर आहे.

तर जायचं कसं, ते आधी सांगते, कारण दर वेळी खाली प्रतिक्रियांत तेच विचारलं जातं. पुण्याहून पहाटे पाचला निघालो. साताऱ्याच्या पुढं नाश्ता, निपाणीला चहा, बेळगावात जेवण. बेळगावातून कुंदा घेतल्याशिवाय माझी गाडी पुढं सरकत नाही, तुम्हीही घ्या. मग खानापूर, लोंढा आणि रामनगर. रामनगरात पेट्रोल भरा, पाणी घ्या, घरच्यांना फोन करून घ्या, कारण पुढं मोबाईल हा नुसता टॉर्च आहे. तिथून जोयडा आणि मग कुंभारवाडा. रस्ता बरा आहे, पण वळणांवर गाय, माकड आणि समोरून येणारी एसटी यांपैकी काहीही भेटू शकतं. व्याघ्र प्रकल्पाचं जंगल आहे, तेव्हा अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचा. बसनं येणार असाल तर जोयड्यापर्यंत चिंता नाही, पुढच्या बसेस मोजक्याच आहेत, वेळ आदल्या दिवशीच विचारून ठेवा. आम्हाला जाऊन-येऊन पेट्रोल-टोल धरून आठेक हजार आला. राहायला आजूबाजूला होमस्टे झालेत, जेवणासकट माणशी दीड-दोन हजार घेतात, आणि जेवण झकास असतं.

आणि हो, स्वेटर. एकच घ्या. सकाळी धुकं असतं, दात वाजतात. दहा वाजले की ऊन चढतं आणि दुपारी अंगणात उभं राहिलात तर कपाळावरून घाम गळतो. आमचा नाताळ असाच, पंख्याखालचा. गोड खायचं आणि वर कोकमाचं गार सरबत प्यायचं.

बावीस तारखेला चारच्या सुमारास पोचलो. अक्का फाटकाशीच उभी होती. मी मिठी मारायला गेले तर म्हणाली, "आलीस व्हय? किती वाळलीस." मी पुण्यात सहा किलो वाढवलेत. पण अक्काच्या नजरेला मी कायम वाळलेलीच.

घरात शिरले आणि नाताळाचा वास आला. तळणीचा, नारळाचा, वेलदोड्याचा. डबे भरलेले होते: नेवऱ्या, म्हणजे आमच्या करंज्या, शंखासारखी वळलेली कुलकुलं, आणि काळ्या गुळाचा लोण्यासारखा मऊ दोदोल. एवढं सगळं एकटीनं केलेलं. ओसरीत बांबूच्या कामट्यांचा चांदणीचा सांगाडा तयार होता, नुसता कागद चिकटवायचा बाकी. मी कौतुकानं बघत राहिले. नेल्सननं तेवढ्यात चार नेवऱ्या संपवल्या.

आता आमचा गोठा. येशूच्या जन्माचा देखावा सगळेच करतात, पण आमच्या घरच्या गोठ्याची एक खोड आहे. त्यात गवत लागतं ते भाताचं, जिवंत, हिरवंगार. नाताळाआधी बारा-तेरा दिवस माय पसरट टोपल्यांत माती भरून भात पेरायची. चोवीस तारखेला ते वीतभर वाढलेलं असायचं आणि त्याच्या मधोमध मातीची बाळमूर्ती. पंचवीसला सकाळी सगळी वाडी ते बघायला येते. शेतकरी माणसं, देवाला हात जोडतात आणि लगेच वाकून रोपं बघतात. "यंदा दाट आलंय." "पाणी जरा जास्त झालंय." मायला त्या शेऱ्यांचा केवढा अभिमान! पाद्रीबाबांनी गोठ्याचं कौतुक केलं तर ती नुसती हसायची, पण कुणी रोपाला चांगलं म्हटलं की दिवसभर तेच सांगत बसायची.

म्हणून चहा झाल्यावर मी सहज म्हटलं, "टोपल्या कुठायत गं? बघू दे तरी."

"हायत मागं. उद्या बघ."

"आत्ता बघते की."

"उद्या म्हटलं न्हवं?" असं म्हणून ती गाईकडे निघून गेली.

मला कुणी 'उद्या' म्हटलं की माझे पाय आजच चालायला लागतात. मागच्या खोलीत गेले. चार टोपल्या ओळीनं मांडलेल्या, वर ओलं फडकं. फडकं उचललं तर नुसती काळी माती. ओली, नीट चाळलेली, आणि तिच्यात एक हिरवा ठिपका नाही. बोटानं उकरून बघितलं. दाणे होते तसेच होते, एकालाही मोड नाही.

अक्का दारात येऊन उभी राहिली होती. मी फडकं घाईनं परत टाकलं.

"दोनदा पेरलं," ती म्हणाली. "दोनदा, रोझे. दोन्ही टायमाला असंच. मायच्या हातानं एवढी वर्सं उगवलं आणि माझ्या हातानं एक दाणा न्हाई. यंदा गोठा घालत न्हाई मी. लोकांना सांगीन, माय गेली, वर्सभर सुतक हाय."

"आपल्यात कुठलं सुतक?"

"त्यांच्यात हाय न्हवं? समजून घेतील."

मग सगळं बाहेर आलं. जूनमध्ये तिनं पहिल्यांदा एकटीनं पेरणी केली. लावणी, तणाची बेणणी, रानडुकरांची राखण, नोव्हेंबरात कापणी, सगळं अंगणवाडी सांभाळून. भात चांगलं आलं. आणि तिला वाटलं की या वर्षी देवाच्या पायाशी आपलं नवं भात ठेवायचं, स्वतः पिकवलेलं. त्यातले निवडून, पाखडून, टपोरे दाणे काढून तिनं टोपल्यांत पेरले होते.

आणि मी काय बोलले असेन? मी शहाणी म्हणाले, "एवढंच ना? उद्या रामनगरला जाऊन हिरवा कागद आणू. कातरून लावला की लांबून कळत पण नाही."

"कागद?" अक्काचा आवाज चढला. "माझ्या घरात कागदाचं गवत? तू जा तुझ्या पुण्याला, तिथं लाव कागद!"

नेल्सन ओसरीवरून उठून अंगणात गेला. शहाणा माणूस.

ती चुलीपुढं जाऊन बसली आणि मी तणतणत फाटकाबाहेर पडले. शेजारी गंगा मावशीचं घर. मावशी सत्तरीची, मायची मैत्रीण, दोघींनी एकमेकींच्या शेतात जन्मभर लावणी केलेली. अक्कानं तिलाही टोपल्या दाखवल्या नव्हत्या. आता दुसऱ्याचं गुपित फोडू नये हे मलाही कळतं. पण मला राग आला होता, रडू येत होतं आणि मावशीनं विचारलं, "काय गे, तोंड असं का?" झालं, मी सगळं ओतलं.

मावशीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भात कुठलं पेरलंन?"

"नवं. यंदाचंच."

मावशीनं कपाळावर हात मारला. "अगे देवा! नवं भात उगवतंय व्हय एवढ्यात? निजलेलं असतंय ते. चार-पाच म्हयने कणगीत पडलं की मग जागं हुतंय. म्हणून तर पावसात कापणीला आलेलं भात कणसावरच मोड काढत न्हाई. तुझी आवय गेल्या वर्साचं जुनं भात गवताच्या मुडीत बांधून चुलीवर टांगून ठेवायची. टोपलीत तेच पेरायची ती."

मी आठवायला गेले. चुलीवर टांगलेला पेंढ्याचा गोल गठ्ठा मी लहानपणापासून बघितला होता. आत काय असतं हे कधी विचारलंच नव्हतं. लग्नानंतर दर नाताळाला मी यायची ती तेवीसला, खायची, मिरवायची आणि सत्तावीसला डबे भरून परत जायची. इतक्या वर्षांत मायनं पेरताना मी एकदाही या घरात नव्हते.

"ती मुडी आता कुठाय?" मी विचारलं.

"मोनीनं शेतात पेरली असंल जूनात. बी कमी पडलं हुतं तिला." मावशी उठली, माळ्यावर चढायला लागली. मी म्हटलं, मावशी मी चढते, तर म्हणाली, "तू पडशील, मग तुझी अक्का मला खाईल." खाली आली ती पायलीभर जुनं भात घेऊन. "उंदरांनी ठेवलंय तेवढं हाय. चल."

अक्कानं आम्हा दोघींना एकत्र बघितलं आणि काय झालं ते ओळखलं. मला म्हणाली, "पोटात काय ऱ्हायचं न्हाई तुझ्या." त्यानंतर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. भाताशी मात्र बोलत होती.

कारण आता घाई होती. हातात जेमतेम दोन दिवस. मावशीनं कोमट पाण्यात भात भिजत घातलं. तेवीसला सकाळी ते गोणपाटात घट्ट बांधून न्हाणीघरात पाणी तापवायच्या चुलीशेजारी ठेवलं, वर पेंढा आणि वर दगड. दर दोन-तीन तासांनी कोमट पाणी शिंपडायचं. दुपारी ऊन चांगलं तापलं तसं ते गाठोडं अंगणात आणून ठेवलं. घामानं निथळत आम्ही त्याच्याभोवती बसलो होतो, आणि कुणी आजारी माणूस असावं तसं नेल्सनसुद्धा हळूच विचारायचा, "आता कसं आहे?" माझं तर मनातल्या मनात चालू होतं, चढ रे उन्हा, अजून चढ. जगात कुठंतरी लोक बर्फासाठी डोळे लावून बसले असतील. आम्हाला ऊब हवी होती.

दुपारी तीनच्या सुमारास अक्कानं माझ्यापुढं कोकम सरबताचा पेला ठेवला. "पी. वाळलीस," म्हणाली. समेट झाला.

चोवीसला दुपारी गाठोडं सोडलं. आतून गरम वाफ आली, आणि बहुतेक दाण्यांच्या टोकाला पांढरा मोड. अक्कानं एक दाणा तळहातावर घेतला आणि बघतच राहिली. मग ती टोपल्या आणायला गेली. मोड मातीवर पसरले. पण ते गवत नव्हतं हो. नखाएवढे पांढुरके कोंब, ते पण कुठं आहेत, कुठं नाहीत.

मी तोंड उघडणार होते. नेल्सननं माझा हात दाबला.

अक्का टोपल्यांपुढं उकिडवी बसली आणि बोटानं कोंब सारखे केले. मग म्हणाली, "मांडू या. हाय तसं मांडू या."

"आणि लोकांनी विचारलं तर?"

"सांगीन."

त्या संध्याकाळची चर्चमधली मिस्सा सातलाच होती. जंगलातून घरी परतायचं असतं, म्हणून आमच्याकडे मध्यरात्रीचा घाट नाही. कोंकणी गाणी, पेट्रोमॅक्सच्या जागी आता ट्यूबलाइट, आणि ओळखीचे सगळे चेहरे. येऊन भाताची पेज आणि वाळल्या माशाची चटणी खाऊन झोपलो.

पंचवीसची सकाळ. धुकं निवळता निवळता वाडी यायला लागली. नवी लुगडी, इस्त्रीचे शर्ट, पोरांच्या अंगावर दिवाळीचेच कपडे. ओसरीत पंधरा-वीस माणसं दाटली. हात जोडले आणि सगळे नेहमीप्रमाणे वाकले. मग पुढच्या घरचे तुकाराम काका म्हणाले, "मोनीबाय, गवत कुठाय?"

मला वाटलं, ही आता सुतकाचं काहीतरी सांगेल. अक्का पदर खोचून पुढं झाली. अंगणवाडीत बोलते तशा खणखणीत आवाजात म्हणाली, "काका, चूक झाली माझी. नवं भात पेरलं. माझ्या हातचं पहिलं पीक, म्हणून हौसेनं पेरलं. नवं भात निजलेलं असतंय हे मला ठाऊक न्हवतं. माय असताना मी कधी विचारलं न्हाई. हे कोंब गंगा मावशीच्या जुन्या भाताचे हायत, दोन दिवसांचे. यंदा एवढंच हाय."

आणि मग तुकाराम काकाच हसायला लागले. "अगे, मी माझ्या पयल्या वर्सी बी उकडलेल्या भातात मिसळून पेरलं हुतं! बा माझ्या मागं दांडकं घेऊन धावला हुता!" मग काय, बांधच फुटला. कुणी लावणीची रोपं उलटी धरली होती, कुणी रात्रभर राखण केली ती शेजाऱ्याच्याच शेताची. एका वहिनीनं सासरी पहिल्याच वर्षी तण म्हणून भात उपटलं होतं, ते नवऱ्यालाही आजच कळलं. ओसरीत असा हशा मी कुठल्या नाताळात ऐकलेला नाही. आणि प्रत्येक जण बोलून झालं की वाकून कोंब बघत होता. "जोर हाय कोंबाला." "तुमच्या त्या तीन राजांच्या सणापर्यंत टरारून येतंय बघ."

गंगा मावशी मात्र हसली नाही. ती अक्काच्या पाठीवर हात ठेवून सगळ्यांना म्हणाली, "गवत सोडा. एकट्या बाईनं पीक काढलंय, ते बघा." आणि त्या वेळी मी माझ्या बहिणीकडे बघितलं आणि मला तिचा केवढा अभिमान वाटला. भर घरात, सगळ्यांसमोर, स्वतःची चूक स्वतःच्या तोंडानं सांगणं. मी असते तर हिरवा कागद कातरून मोकळी झाले असते.

मग ताटं निघाली. प्रत्येक घराला नेवऱ्या, कुलकुलं, दोदोल. त्यांच्याकडून आमच्याकडे काकड्या, कंद, एकाकडून मधाची बाटली. दुपारी गावठी कोंबडीची शाकुती, म्हणजे खोबऱ्याच्या वाटणाचा रस्सा, आणि सान्नं, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या मऊसूत इडल्या. जेवण झालं, पंखा सर्वांत जोरात लावला आणि सगळे जमिनीवर आडवे झालो. सेक्रेटरी काकूंना या पंख्याखालच्या नाताळाचा फोटो पाठवायचा होता, पण रेंज कुठली!

सव्वीसला सकाळी जवळच्या उळवीच्या देवळात जाऊन आलो. देवळाचा परिसर त्या दिवशी निवांत होता. जत्रेच्या दिवसांत मात्र मराठी-कानडी भाविकांनी भरून जातो, तेव्हा शांतता हवी असेल तर जत्रा टाळा. अणशीकडचा घाटरस्ता बघायचा राहिला, कारण अक्कानं जेवल्याशिवाय सोडलं नाही. सत्तावीसला पहाटे निघालो. डब्यांची पिशवी दर वर्षीसारखीच जड होती. ती डिकीत ठेवताना या वेळी मला लाज वाटली, आणि ते मी अक्काला सांगितलंही. ती म्हणाली, "लाजत लाजत खा. पण खा."

पुण्यात येऊन सोसायटीत नेवऱ्या वाटल्या. काकूंना आमच्या नाताळाची हकीकत सांगितली, भिजत घातलेल्या भातासकट. त्या म्हणाल्या, "म्हणजे तुमच्यात ऊन लागतं." मी म्हटलं, "हो, आमच्यात ऊन लागतं." एवढ्या ताठ मानेनं मी हे याआधी कधी सांगितलं नव्हतं.

तीन राजांच्या सणाला, सहा जानेवारीला, गोठा उतरवतात. त्या दिवशी अक्कानं रेंजसाठी टेकाडावर चढून फोन केला. भात वीतभर झालं होतं. वाडी पुन्हा येऊन बघून गेली होती. तुकाराम काका म्हणाले होते, यंदा दोन नाताळ झाले.

"आणि ऐक," अक्का म्हणाली. "यंदाचं भात मुडीत बांधलं मी. गंगा मावशीनं शिकवलं. तीनदा सुटलं, चौथ्यांदा बसलं. चुलीवर टांगलंय."

मी म्हटलं, "वा! मग पुढच्या नाताळाला तुझ्याच हातचं भात. मी तेवीसलाच पोचते बघ."

"तेवीसला न्हाई," अक्का म्हणाली. "अकराला ये. खायला कुणी बी येतंय. तू पेरायला ये."